आठवा ठोका

ग्लेनिस हार्किनने रबरी मोगरीने त्या रेड गमच्या, नदीकाठच्या जुन्या निलगिरीच्या, खोडावर बारा ठोके मारले. आठवा पोकळ वाजला. मी तिच्यापासून दोन हातांवर उभा होतो आणि मला तो स्वच्छ ऐकू आला. ती थांबेल, मागे सरून पुन्हा तिथेच ठोकेल म्हणून मी वाट पाहिली. ती पुढे गेली, नववा मारला, दहावा मारला, खोडाभोवतीची फेरी पुरी केली, खिशातल्या खडूने सालीवर बरोबरची खूण केली आणि म्हणाली, "घट्ट आहे."

या दोन शब्दांवर आमचा सगळा धंदा चालतो. ते ऐकल्याशिवाय विरेमु खोडाला पाय लावायचा नाही, आणि ऐकल्यावर पुन्हा विचारायचा नाही. विरेमु आमचा चढणारा गडी. न्यूझीलंडचा माओरी, अडतीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप. बारा वर्षं ग्लेनिसच्या शब्दावर तो मरे नदीकाठची झाडं चढत होता, आणि तिला मावशी म्हणतो. त्याने कमरेचा पट्टा आवळला, करवत पट्ट्याला अडकवली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "डेस, आज तरी दोर नीट धर. मागच्या आठवड्यात फांदी उतरवत होतास का आजीला जिन्यावरून आणत होतास, कळेना."

मी हसलो. हे मला सांगायलाच हवं. तो वर निघाला आणि मी हसलो.

मी का बोललो नाही, ते ग्लेनिसबद्दल सांगितल्याशिवाय कळणार नाही. धंदा मूळचा तिच्या नवऱ्याचा. नवरा गेला. मेला नाही, नदीपलीकडच्या मोआमाच्या एका केस कापणारीबरोबर क्वीन्सलंडला गेला. ट्रक, फांद्यांचा चुरा करणारा चिपर आणि तीन करवती मागे राहिल्या, कारण त्या केसवालीच्या गाडीत मावल्या नाहीत. ग्लेनिस तेव्हा एकतीस वर्षांची होती. गावाला वाटलं, बाई ट्रक विकेल. तिने ट्रकवरचं नवऱ्याचं नाव खरवडून काढलं, आडनाव ठेवलं आणि चढायला शिकली. गुडघा जाईपर्यंत एकोणीस वर्षं चढली. तरुणपणी कानावर काही न घालता करवत चालवायची. तेव्हा कान झाकणारा गडी भित्रा समजला जायचा.

त्या वर्षी ती अठ्ठावन्नची होती. पहाटे साडेपाचला शेडमध्ये येते आणि कानस घेऊन साखळ्यांना धार लावते. हे काम ती कुणालाही करू देत नाही. मग सगळे दोर बोटांनी चाचपते, इंच न् इंच. सातला फोन सुरू होतात. लोक म्हणतात, पन्हळीत पानं पडतात, झाड काढून टाका. ती म्हणते, "पन्हळ साफ कर. त्याला शिडी लागते, करवत नाही." असं करून तिने निम्मी गिऱ्हाइकं घालवली असतील. उरलेल्या निम्म्यांना वाटतं की ही बाई झाड तोडू नको म्हणते तेव्हाही खरं सांगते आणि तोड म्हणते तेव्हाही. कौन्सिलचा माणूससुद्धा तिचा ठोका मानायचा. आमच्या नदीवरच्या रेड गममध्ये वाळवी आतून खाते, बाहेर एक पान सुकत नाही. शेजारच्या गावात चढणाऱ्याखाली खोड मोडलं, तशा दोन गोष्टी मला ठाऊक आहेत. ग्लेनिसच्या झाडावर असं कधी झालं नव्हतं.

पण नाताळापासून मला एक गोष्ट माहीत होती. त्या दिवशी ऑफिसात शिट्टीची किटली उकळून वाजायला लागली आणि आटेपर्यंत वाजत राहिली. ग्लेनिस तिच्या शेजारीच बसून अंदाजपत्रक लिहीत होती. तिने मान वर केली नाही. मी गॅस बंद केला. मग एकेक आठवत गेलं. फोन तिने उजव्या कानावरून डाव्यावर नेला होता. हेल्मेटमधले बोलायचे संच गेल्या वर्षी तिने कपाटात टाकले होते. "नुसती बडबड," म्हणाली होती, "हाताच्या खुणा करा, जुनं तेच बरं." आम्हाला वाटलं म्हातारपणाचा हट्ट. दाताच्या डॉक्टरकडे म्हणून दोनदा शेपर्टनला गेली आणि दोन्ही वेळा येताना तोंड भरून सँडविच खाल्लं.

मला कळलं आणि मी गप्प राहिलो. आमच्याकडे दुसऱ्याचं झाकलेलं उघडत नाहीत. माणसाचं घर जळालं तरी तो "चाललंय" म्हणतो आणि आपणही "चालायचंच" म्हणून त्याच्या हातात बिअर देतो. ह्यालाच आम्ही चांगुलपणा समजतो. मीही समजत होतो.

त्या फेब्रुवारीतल्या, आमच्या ऐन उन्हाळ्यातल्या, गुरुवारी एकोणचाळीस अंश होते आणि वारा अजिबात नव्हता. काम बोल्स क्लबचं होतं, हिरवळीवर जड चेंडू घरंगळवत खेळतात त्या खेळाच्या क्लबचं. क्लबच्या व्हरांड्यावर आणि खेळायच्या हिरवळीवर त्या रेड गमच्या दोन मोठ्या फांद्या आल्या होत्या. सेक्रेटरी क्लॅरी, पंचाहत्तरीचा, पांढरी टोपी घालून सकाळपासून आमच्या पायात येत होता.

"शनिवारी बत्तीस संघ येणार आहेत," तो म्हणाला. "झाड राहिलं पाहिजे, सावली राहिली पाहिजे. फांद्या तेवढ्या नकोत."

"म्हणजे नवरा हवा, घोरणं नको," ग्लेनिस म्हणाली.

"तू काय बोलतेस? तू तर दोन्ही घालवलंस."

ती हसली आणि मोगरी घेऊन खोडाकडे गेली. बाकीचं मी सांगितलं आहे.

विरेमु वर चढत होता तेव्हा मी स्वतःशी हिशेब घालत होतो. चौदा वर्षं ती कधी चुकली नाही. मी दोर धरणारा माणूस, मला ठोक्यातलं काय कळतं. साल सुटलेली असेल तरी पोकळ वाजतं. तिला ऐकू आलंच असेल आणि तिने साल म्हणून सोडलं असेल. शिवाय बोलायचं म्हणजे क्लॅरीसमोर बोलायचं, आणि दुपारपर्यंत गावभर झालं असतं की ग्लेनिस हार्किन बहिरी झाली. तिच्या पोटावर मी पाय देणार नव्हतो. विरेमु तेव्हा पंधरा मीटरवर होता.

पहिली फांदी लहान होती. तिने काही केलं नाही, दोरावरून गुमान खाली आली. माझ्या जिवात जीव आला. खोडाला खाली लोखंडी खुंट पट्ट्याने आवळलेला असतो, त्याला दोराचे वेढे देऊन मी वजन सोडायचो. ग्लेनिस पन्नास पावलांवर चिपरमध्ये फांद्या सारत होती. मी विरेमुला अंगठा दाखवला. त्याने दुसऱ्या फांदीला दोर बांधला. ही चारशे किलोची होती.

त्याने कापली. फांदी सुटली, दोर ताणला, खुंट कुरकुरला आणि त्याच वेळी खोडाच्या आतून आवाज आला. कुणी जुनी चादर सावकाश फाडावी तसा. माझ्या छातीच्या उंचीवर सालीत एक चीर होती. ती उघडली आणि मिटली, आणि तिच्यातून बारीक कोरडी माती माझ्या मनगटावर पडली. वाळवीची माती.

फांदी तशी खाली आलीच नाही. फिरली आणि तिचा बुंधा खालच्या एका दुबेळक्यात अडकला. अर्धं वजन दोरावर, अर्धं त्या बेळक्यावर. आणि ती होती बरोबर विरेमुच्या खाली, त्याच्या उतरायच्या वाटेवर. दोर सोडला तर ती घरंगळून पडणार आणि खोडाला हिसका बसणार. आवळला तरी हिसका बसणार. विरेमुने मूठ वर केली, म्हणजे थांब. मी दोराला गाठ मारून खुंटाला पक्का केला. मग जमिनीवरची मोगरी उचलली आणि खोडावर ठोकली. आठव्या जागी पोकळ. सातव्या जागी पोकळ. नदीच्या बाजूने पाच ठोके मारले, पाचही पोकळ.

मी चिपरकडे धावत गेलो आणि त्याचा लाल दांडा ओढून यंत्र बंद केलं. ग्लेनिस वळली.

"काय रे, फांदी अडकली म्हणून एवढा पळतोस?"

"झाड पोकळ आहे."

"काय?"

मी तिच्या डाव्या बाजूला गेलो. "पोकळ आहे, ग्लेनिस. नदीच्या बाजूने सगळं."

"मी ठोकलंय ते."

"तू ठोकलंस. तुला ऐकू आलं नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. राग आला असता तर बरं झालं असतं. ती ट्रककडे गेली, बॅटरीचं ड्रिल काढलं, त्याला हातभर लांबीचं पातं लावलं आणि खोडाशी जाऊन आठव्या जागी टेकवलं. लाल भुसा येत राहिला. मग पातं एकदम आत गेलं आणि ती त्याबरोबर खोडावर आदळली. भुशाच्या जागी माती आली. तिने पात्यावर अंगठ्याच्या नखाने खूण धरली. भरीव लाकूड नऊ सेंटिमीटर. एवढ्या जाडीच्या खोडाला निदान अठरा हवे होते. पातं मातीत रुतलं होतं, ते तिने तसंच सोडलं.

"क्लॅरी," ती म्हणाली, "आतली सगळी माणसं पुढच्या दाराने रस्त्यावर ने."

"अगं पण चहा मांडलाय. लॅमिंग्टनचे केक—"

"लॅमिंग्टन घेऊन जा."

तो तिचा चेहरा बघून गेला. मग ती खोडापासून मागे आली, विरेमुला दिसेल अशी उभी राहिली आणि दोन्ही हात डोक्यावर काटकोनात धरले. आमच्याकडे ही खूण वर्षात एखाद वेळी होते. करवत बंद, हलू नकोस. विरेमुने करवत बंद केली. मग तिने तळहात खोडासारखा उभा धरला आणि दुसऱ्या मुठीने तो पोकळ असल्याचं दाखवलं. विरेमु खालच्या त्या लटकलेल्या फांदीकडे बघत राहिला. एवढ्या लांबूनही तो श्वास कसा घेतोय ते मला दिसत होतं. दोन पोरींच्या बापाला मी तिथे पाठवलं होतं, असं मला वाटलं. त्या माझ्या पोरी नव्हत्या, पण माझ्याच असल्यासारखं वाटलं.

सरळ खाली येणं शक्य नव्हतं. वाट होती ती बाजूने. पार्किंगच्या कडेला, चौदा मीटरवर, दुसरा रेड गम होता. त्याच्यावरून दोर टाकून विरेमुला तिकडे ओढून घ्यायचं. पण ते झाडही त्याच नदीचं आणि त्याच वाळवीचं.

ग्लेनिस त्या दुसऱ्या झाडाशी गेली आणि मोगरी माझ्या हातात दिली.

"ठोक."

"मी?"

"माझे कान गेलेत, तुझे नाहीत. ठोक."

मी ठोकायला लागलो. तिने खोडाकडे पाहिलंच नाही, माझ्या तोंडाकडे पाहत होती. प्रत्येक ठोक्याला माझ्या कानात नुसतं रक्त वाजत होतं. पाचव्याला मला काहीच ऐकू आलं नाही. मी तिथेच पुन्हा ठोकलं. तिसऱ्यांदा ठोकलं. भरीव होतं. फेरी पुरी केली तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

"बोल," ती म्हणाली.

"घट्ट आहे."

"खात्री?"

"खात्री."

हे शब्द तोंडातून काढताना काय होतं ते मला तेव्हा कळलं. ती ते रोज सकाळी काढत होती, आणि गेलं वर्षभर बहुधा अर्धे ठोके अंदाजाने ऐकून.

तिने मोठी गलोल उभी केली. दोन मीटरच्या काठीवरची, छऱ्यांची पिशवी आणि बारीक दोरी वर फेकायची. पहिला नेम पानांत गेला. दुसरा बेळक्याला लागून परत आला आणि तिच्या पायाशी पडला. पहिल्या झाडातून पुन्हा तो फाटल्याचा आवाज आला. तिला तो आला नाही, मला आला. मी सांगितलं, "ग्लेनिस, बोलतंय ते." "मग ऐक आणि गप्प राहू नकोस," ती म्हणाली, आणि तिसरी पिशवी बेळक्यातून पार गेली.

बारीक दोरीमागून जाड दोर ओढून घेतला. एक टोक मी दुसऱ्या झाडाच्या बुंध्याला बांधलं. दुसरं टोक विरेमुकडे जायला हवं होतं. त्याने वरून आपली दोरी सोडली होती, पण ती खोडापासून तीन पावलांवर लोंबत होती आणि ते टोक बांधायला कुणाला तरी त्या फांदीखालून जावं लागणार होतं. मी पुढे झालो. तिने माझ्या पट्ट्याला धरून मागे ओढलं.

"तू इथे ऐकत उभा राहा. आवाज आला तर हात वर कर, मी तुझ्याकडे बघत राहीन."

ती तशीच गेली, माझ्याकडे तोंड करून, उलट्या पावलांनी, लंगडत. दोरीशी पोचल्यावर हातांनी न बघता गाठ मारली. डोळे माझ्यावर. मी आयुष्यात कधी एवढं कान देऊन ऐकलं नाही. काकाकुआ ओरडत होते, त्यांना मी मनात शिव्या घातल्या. तिने गाठ ओढून बघितली आणि परत आली.

विरेमुने दोर वर घेतला, पट्ट्याला जोडला, दोनदा तपासला. मग जुना दोर बोटाबोटाने सोडत, नवा आवळत, तो हवेतून बाजूला यायला लागला. जरा जरी झोका घेतला असता तरी जुन्या खोडाला ताण बसला असता. त्याने झोका घेतला नाही. अर्ध्यावर आल्यावर चिरेतून पुन्हा माती पडली. मी हात वर केला, ग्लेनिसने त्याला थांबवलं. माती थांबली. तो पुन्हा निघाला. दुसऱ्या झाडाला त्याचे बूट लागले तेव्हा ग्लेनिस खाली बसली, पार्किंगच्या डांबरावर, भाजत असताना.

तो खाली आला, हेल्मेट काढलं, पाण्याची बाटली अर्धी प्यायला आणि अर्धी डोक्यावर ओतली. क्लॅरी आणि क्लबची मंडळी रस्त्यापलीकडून बघत होती. ग्लेनिस उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"विरेमु, मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. डाव्याने निम्मं. वर्ष झालं. मी सांगितलं नाही. झाड पोकळ होतं आणि मी तुला वर पाठवलं."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याने दोन्ही हात पट्ट्यात खोचले.

"वर्षभर, मावशी?"

"वर्षभर."

"आणि मी तुझ्या नावाने बायकोची समजूत घालतो."

"घालू नकोस यापुढे."

त्याने हात पट्ट्यातून काढले. मग तिच्या खांद्यावर हात ठेवला, कपाळाला कपाळ टेकवलं, त्यांच्यात टेकवतात तसं, आणि सोडलं. "उद्या क्रेन बोलव," म्हणाला. "आणि कानाचं यंत्र घे. अंदाजपत्रकात धर, क्लॅरी देईल."

मला वाटलं संपलं. मी दोर गुंडाळायला वाकलो. तेव्हा त्याने मला हाक मारली, साध्या आवाजात.

"डेस. ती ठोकत होती तेव्हा तू शेजारीच होतास ना?"

"होतो."

"तुला ऐकू आलं?"

नाही म्हणता आलं असतं. ग्लेनिसनेही मान खाली घातली, म्हणजे तिने तेही चालवून घेतलं असतं.

"आलं," मी म्हणालो. "आठवा."

"आणि तिचे कान गेलेत हे माहीत होतं?"

"नाताळापासून."

त्याने मान हलवली. शिवी दिली नाही, अंगावर आला नाही. मी काहीतरी सांगायला लागलो, तिच्या धंद्याबद्दल, क्लॅरीबद्दल. तो ऐकत नव्हता.

दुसऱ्या दिवशी क्रेनने झाड उतरवलं. खाली राहिलेल्या पोकळ बुंध्यात क्लॅरी टोपीसकट मावला, आणि मोबाइलवर फोटो काढून घेतला. सोमवारी आम्ही नेहमीच्या वेळी शेडमध्ये आलो. ग्लेनिस साखळ्यांना धार लावत होती. विरेमुने मोगरी आपल्या पट्ट्याला लावली, आता ठोकतो तोच. मग दोराचं वेटोळं उचललं. बारा वर्षं ते तो माझ्याकडे फेकायचा. त्याने ते ग्लेनिसच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "मावशी, खालून दोर तू धर."

"मी बहिरी आहे, बाबा."

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

याला तीन वर्षं झाली. चिपरवर मी असतो.